हळद फोडणीतली आणि कॅप्सूलमधली

डोंगरकड्याच्या माणसाला हळद काय असते हे सांगायची गरज नाही. जवळच्याच वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण तीच हळद आता कॅप्सूल होऊन घरात येते, आणि "हळदच तर आहे" म्हणून रुग्ण डॉक्टरांना ती सांगतही नाहीत. मला हे धोक्याचे वाटते.

हळदीत (ती मूळ नव्हे, जमिनीखालचे खोड, असो) कर्क्युमिन जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास असते आणि त्यातलेही फार थोडे रक्तात जाते. म्हणून भाजीतली हळद निर्धास्त खा. कॅप्सूलमध्ये मात्र शेकडो मिलिग्रॅम कर्क्युमिन असते, वर बऱ्याचदा मिऱ्यातले पायपरिन. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या १९९८ च्या अभ्यासात पायपरिनमुळे कर्क्युमिनचे शोषण सुमारे वीस पटींनी वाढलेले दिसले. जाहिरातीत हा गुण म्हणून सांगतात. माझ्या मते, एवढ्या प्रमाणात पोचणारी वस्तू औषध झाली, मसाला राहिली नाही.

गुडघेदुखीत काहींना थोडा आराम पडतो, हे खरे. पण अमेरिकेत २०२२ साली हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यातला एक दगावला.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील, तर ही कॅप्सूल विचारल्याशिवाय घेऊ नका. घेत असाल तर तपासणीला येताना डबी सोबत आणा. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी ती बंद करून यकृताची रक्ततपासणी करून घ्या.