तीन लाल दिवे आणि एक अब्ज डॉलरचे उपकार

परवा ऑफिसात जेवताना वादावादी झाली. विषय फुटकळ, पण माझी भेंडी गार झाली आणि डोकं गरम. म्हणून आज शनिवारी सकाळी हे लिहायला बसलोय.

झालं असं, की कस्टमर सपोर्टवरून बोलणं निघालं आणि टीममधल्या एकाने एक्सबॉक्स ३६० चा दाखला दिला. "सपोर्ट असावा तर असा! मशीनमध्ये प्रॉब्लेम निघाला तर कंपनीने सरळ तीन वर्षांची वॉरंटी दिली, एक अब्ज डॉलर बाजूला काढले, लोकांची मशीन्स फुकटात दुरुस्त करून दिली. नाहीतर आपल्याकडे..." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी म्हणालो, अरे, ही कौतुकाची गोष्ट नाहीच, ही घाबरायची गोष्ट आहे. मग काय, सगळे माझ्यावर तुटून पडले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत आला, पुढच्या वर्षी भारतात. पॉवरच्या बटणाभोवती दिव्यांची गोल कडी, चार भागांची. सगळं ठीक असलं की हिरवी. मशीन मेलं की चारपैकी तीन भाग लाल. लोकांनी त्याला 'रेड रिंग ऑफ डेथ' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव इतकं रुळलं की २०२१ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनेच त्याचं पोस्टर विकायला काढलं. (याला विनोदबुद्धी म्हणायचं की निर्ढावलेपणा, तुम्हीच ठरवा.)

बिघाडाचं कारण कुठल्याही डिप्लोमावाल्याला कळेल असं. छोटा डबा, आत भट्टीसारखा तापणारा ग्राफिक्स प्रोसेसर, आणि नेमका त्याच्या डोक्यावर डिस्क ड्राइव्ह, त्यामुळे उष्णता बाहेर नेणाऱ्या हीटसिंकला उंचीच मिळाली नाही. मशीन चालू केलं की तापायचं, बंद केलं की गार व्हायचं. या रोजच्या फुगण्या-आकसण्याने आतले जोड तुटायचे. २०२१ मध्येच कंपनीने स्वतःच्या इतिहासावर माहितीपट काढला, त्यात तिच्याच माणसांनी हे सांगितलंय. स्क्वेअरट्रेड या वॉरंटी विकणाऱ्या कंपनीने २००९ मध्ये १६ हजारांवर मशीन्सचा हिशोब मांडला, तेव्हा पहिल्या दोन वर्षांत बिघडलेले एक्सबॉक्स ३६० निघाले २३.७ टक्के. प्लेस्टेशन ३ चे १० टक्के. निन्टेन्डोच्या वीचे फक्त २.७. म्हणजे 'इलेक्ट्रॉनिक्स आहे, बिघडणारच' हा बचाव चालत नाही.

आता तारखा बघा. मशीन आलं नोव्हेंबर २००५ मध्ये. तीन वर्षांच्या वॉरंटीची घोषणा झाली जुलै २००७ मध्ये. मधले वीस महिने लोक काय करत होते? सुरुवातीला अमेरिकेत वॉरंटीच मुळी ९० दिवसांची होती! तर लोक मशीन टॉवेलात गुंडाळत होते. खरंच. चार टॉवेल गुंडाळायचे, मुद्दाम तापू द्यायचं, गार झालं की परत चालू करायचं. आणि काही वेळा ते चालूही व्हायचं! तुटलेला जोड तापून फुगायचा, तेवढ्यापुरता टेकायचा, दोन दिवस गेम खेळून व्हायचा, आणि परत तीन दिवे. तापाने मेलेल्या मशीनला आणखी ताप देणं हा उपाय लोकांना का करावासा वाटला? कारण दुसरं काही करण्यासारखं त्यांच्या हातात ठेवलंच नव्हतं.

आणि आपल्या धंद्यातल्या माणसाला चीड येईल अशी गोष्ट पुढेच आहे. त्या मशीनला नेमकं काय बिघडलंय त्याचा कोड ठाऊक होता. तीन दिवे लागलेले असताना कंट्रोलर जोडायचं छोटं बटण दाबून धरायचं आणि इजेक्टचं बटण चारदा दाबायचं. दर दाबाला दिवे बदलायचे आणि एकेक करून चार आकडे मिळायचे. पण मालकाला दाखवायचं काय, तर तीन लाल दिवे, म्हणजे 'आम्हाला फोन करा'. लॉग लिहायचा, पण ग्राहकाला वाचू द्यायचा नाही. हा निर्णय कुठल्या तरी मीटिंगमध्ये कुणी तरी घेतला असणार, आणि खोलीतल्या इंजिनिअरांनी माना डोलावल्या असणार. (अशा माना मीही डोलावल्यात. त्याबद्दल पुढे.)

आता त्या अब्ज डॉलरबद्दल. त्या वेळी एक्सबॉक्सचा कारभार बघणाऱ्या पीटर मूरने नंतर सांगितलं, की खर्च १.१५ अब्जांच्या घरातला होता आणि त्यातले २४ कोटी डॉलर निव्वळ कुरिअरचे होते. कुरिअरचे! मशीनसाठी रिकामं खोकं घरी यायचं, ज्याला लोक शवपेटी म्हणायचे. त्यात मशीन घालून पाठवायचं आणि वाट बघत बसायचं. माझे मित्र हा आकडा कंपनीच्या उदारपणाचा पुरावा म्हणून सांगतात. मला त्यात वेगळंच दिसतं. अख्ख्या अमेरिकेत घराजवळच्या कुणाला हे मशीन उघडून नीट दुरुस्त करता येऊ नये अशी व्यवस्था होती, त्याची ही किंमत. कंपनीकडे अब्ज डॉलर होते म्हणून तिने ते दिले. नसते तर? किंवा असूनही, 'आमच्या मते प्रमाण नगण्य आहे' असं म्हणून हात झटकले असते तर? तुमचा कन्सोल जगणार की मरणार हे एका बोर्डरूममध्ये ठरलं, आणि नशिबाने बाजूने ठरलं, एवढंच.

बरं, मशीन परत यायचं ते बऱ्याचदा तुमचं नसायचंच, दुसरंच कुठलं तरी दुरुस्त केलेलं. आणि विकत घेऊन डाउनलोड केलेले गेम जुन्या मशीनच्या ओळखक्रमांकाशी बांधलेले, त्यामुळे इंटरनेट नसेल तर स्वतःचेच गेम चालत नसत. ती परवाने बदलून घ्यायची सोय आली २००८ मध्ये.

इथे माझा मित्र म्हणाला, "ग्राफिक्स चिपचे जोड काय कोपऱ्यावरचा रिपेअरवाला लावणार?" मान्य. ते काम अवघड आहे, सगळ्यांना जमत नाही. पण त्याच मशीनच्या डिस्क ड्राइव्हचं काय? ड्राइव्ह ही सर्रास बिघडणारी गोष्ट, चार स्क्रू आणि दोन वायरी. पण प्रत्येक ड्राइव्हमध्ये त्या त्या मशीनच्या बोर्डाशी जुळणारी गुप्त किल्ली. दुसऱ्या एक्सबॉक्सचा अस्सल, चालू ड्राइव्ह आणून बसवलात तरी बोर्ड म्हणणार, मी याला ओळखत नाही. ही खोड नंतरच्या पिढ्यांतही गेली नाही. एक्सबॉक्स वनमध्ये तेच, प्लेस्टेशन ५ मध्येही तेच. इथे काम अवघड नाही, ते अवघड केलंय.

हे दुखणं जुनं आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी टीव्हीच्या 'व्हिडिओ गेम'च्या कॅसेटमध्ये फुंकर मारलेली आहे. (फुंकरीने काही होत नव्हतं, कॅसेट काढून परत नीट बसल्यामुळे व्हायचं. पण हे आता सांगून कुणाचं बालपण बिघडवत नाही.) ते मशीन म्हणजे बहुधा निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची स्वस्त नक्कल. १९८३ च्या जपानी फॅमिकॉममध्ये कुलूप घालणारी चिप नव्हतीच. अमेरिकेसाठी १९८५ मध्ये त्याचंच एनईएस केलं तेव्हा कॅसेट आणि मशीन दोन्हीत एकेक पहारेकरी चिप बसवली. दोघींचं बोलणं जुळलं नाही की मशीन दर सेकंदाला रीसेट. कॅसेटचे टोक आत सैल झाले की हे बोलणं तुटायचं आणि मशीनचा दिवा लुकलुकत बसायचा. म्हणजे जो गेम कदाचित चालला असता, तो पहारेकऱ्याच्या हट्टापायी चालायचा नाही. आपल्या नकली मशीनमध्ये पहारेकरीच नसल्यामुळे मारिओ निवांत पळायचा. चोराच्या मशीनवर जास्त सुख, असा हा प्रकार.

अलीकडचं उदाहरण निन्टेन्डो स्विचचं. २०१७ मध्ये आला, आणि काही काळातच त्याच्या जॉय-कॉनची काठी हात न लावता आपोआप सरकायला लागली. आतल्या कार्बनच्या पट्ट्या घासून झिजतात. २०१९ मध्ये अमेरिकेत खटला झाला, २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष फुरुकावा यांनी दिलगिरी व्यक्त केली, आणि युरोपात वॉरंटीबाहेर फुकट दुरुस्ती मिळायला २०२३ उजाडलं. भारतातल्या लोकांनी कुठे जायचं? इथे स्विच वर्षानुवर्षं ग्रे मार्केटमधूनच आला, म्हणजे सपोर्ट नावाची गोष्टच नाही. गंमत म्हणजे न झिजणारी, चुंबकावर चालणारी काठी सेगाने १९९८ मध्ये ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये वापरलेली होती. उपाय विशीत पोचला तरी रोग चालूच!

आणि प्लेस्टेशन ४? आत घड्याळासाठी एक गोल सेल असतो, किराणा दुकानातही मिळतो तसला. तो सेल संपला आणि सोनीच्या सर्व्हरशी संपर्क झाला नाही, तर विकत घेतलेली डिस्कसुद्धा चालत नव्हती, कारण ट्रॉफींची वेळ चुकू नये याची यंत्राला काळजी! २०२१ च्या ९.०० या अपडेटमध्ये हे गुपचूप सुधारलं गेलं. म्हणजे सॉफ्टवेअरच्या काही ओळींचाच प्रश्न होता. उद्या सर्व्हर बंद झाल्यावर तो लक्षात आला असता तर?

सपोर्टला शेवट असतो, मंडळी. निन्टेन्डोने जपानात वीची दुरुस्ती २०२० मध्ये थांबवली, सुटे भाग संपले म्हणून. एक्सबॉक्स ३६० चं ऑनलाइन दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झालं. यात गुन्हा काही नाही, कुठलीही कंपनी जन्मभर पुरणार नाही. पण मग जाताना किल्ल्या तरी देऊन जा ना! कोडचे अर्थ, सर्किटचे नकाशे, ड्राइव्ह जोडायचं सॉफ्टवेअर. तेही नाही.

उलट कायद्यातून पळवाट काढून ठेवलीय. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, मिनेसोटानेही त्याच वर्षी. फोन आत, वॉशिंग मशीन आत, गेम कन्सोल नाव घेऊन बाहेर. कारण ठरलेलं: पायरसी. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२१ मध्ये दुरुस्तीसाठी कुलूप तोडायची सवलत दिली, तीही कन्सोलच्या फक्त डिस्क ड्राइव्हपुरती. आपल्याकडचा कायदा या बाबतीत बरा म्हणायचा. आपल्या कॉपीराइट कायद्याचं ६५अ कलम (२०१२ ची दुरुस्ती) कुलूप तोडणाऱ्याचा हेतू बघतं. हक्क बुडवायच्या हेतूने तोडलं तर गुन्हा. म्हणजे चोर आणि मेकॅनिक यांत फरक करता येतो, आपल्याच संसदेने केलाय. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने राइट टू रिपेअरचं पोर्टलही काढलं, शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशा चार गटांसाठी. कन्सोलचा वेगळा गट त्यात नाही.

आता माझा स्वतःचा अनुभव. (कंपनीचं नाव सांगत नाही, सगळे एकाच माळेचे मणी.) मध्यंतरी माझा कन्सोल चालू व्हायचा, पण टीव्हीवर चित्र येईना. वॉरंटी संपलेली. सर्व्हिस सेंटरला गेलो. आधी 'डेटा गेल्यास तक्रार नाही' या कागदावर सही. आठ दिवसांनी फोन, "सर, बोर्ड गेलाय." बोर्डात काय गेलंय? "बोर्डच गेलाय सर, रिप्लेस होईल." किंमत नव्या मशीनच्या निम्म्याहून जास्त. काउंटरवरचा मुलगा सभ्य होता, त्याचा दोष नाही. त्याला दुरुस्ती शिकवलेलीच नाही, अदलाबदल शिकवलीय.

मशीन परत घेतलं आणि गेलो तापकीर गल्लीत. तिथल्या काकांनी भिंगाखाली पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "साहेब, एचडीएमआयचा सॉकेट हललाय. दोन पिना सुटल्यात." संध्याकाळी मशीन चालू. नऊशे रुपये, सेव्ह केलेले सगळे गेम जागच्या जागी. वर म्हणाले, "सॉकेट होता म्हणून झालं. काही मशीनचा ड्राइव्ह आणतात लोक. तो मी बदलतो, पण मशीनच त्याला घेत नाही. मग मी चोर, मी शिकलेलो नाही, असं होतं."

हे ऐकून मला जरा ओशाळल्यासारखं झालं. कारण 'हा पार्ट ओळखला नाही' हे सांगणारा कोड आपल्यासारखीच माणसं लिहितात. काही वर्षांपूर्वी एका उपकरणासाठी (गेमचं नव्हे) तसलाच एक चेक मीही लिहिलाय. तिकिटावर 'सिक्युरिटी' असं लिहिलेलं होतं. सिक्युरिटी कुणापासून, हे मी विचारलं नाही. दोन दिवसांचं काम होतं, स्प्रिंट संपत आला होता, टेस्ट पास झाली, सोडून दिलं. तो चेक आजही कुठे तरी कुणा काकांच्या हातातलं चांगलं काम नाकारत असणार.

असो. काल संध्याकाळी त्याच मित्राचा मेसेज आला. मुलाच्या कंट्रोलरची काठी डावीकडे सरकतेय, वॉरंटी मार्चमध्ये संपली, ते तापकीर गल्लीतलं दुकान नेमकं कुठे? पत्ता पाठवलाय. दुपारी एक ते चार बंद असतं, तेही कळवलंय.