न दुखणारा चटका

गेल्या कोजागरीची गोष्ट. वर्धा रोडलगतच्या आमच्या वसाहतीत गच्चीवर शेगडी पेटली होती. दूध आटत आले होते, चारोळी-केशर टाकायचे तेवढे राहिले होते, आणि बायकांच्या गप्पा रंगात आल्या होत्या. तेवढ्यात आकाशात एक हिरवीगार रेघ उमटली. सरळ आणि लखलखीत, जणू चंद्रापर्यंत पोचलेली. नववीत शिकणारा माझा नातू कठड्याशी उभा राहून पेनापेक्षा थोड्या जाड नळीने ती रेघ फिरवीत होता. भोवती पोरांचे कोंडाळे जमले होते. खरे सांगायचे तर मीही टाळी वाजवली. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले, पण हातात आकाश धरल्याचा तो आनंद मलाही आवरला नाही.

मग विमान आले. आमच्याकडे संध्याकाळनंतर विमानतळाकडे उतरणारी विमाने दिवे लावून खाली येताना दिसतात. पोरांनी "विमान, विमान!" असा गलका केला आणि ती हिरवी रेघ हळूहळू तिकडे सरकू लागली. आमचे शेजारी हवाई दलातून निवृत्त झालेले. एरवी अत्यंत शांत गृहस्थ. ते दुधाचा पेला तसाच ठेवून धावले आणि त्यांनी नळी पोराच्या हातातून हिसकावली.

"काय करून राहिला रे? उतरतं विमान दिसत नाही तुला?"

"पण काका, ते किती दूर आहे! इतक्या दुरून काय होणार?"

सारे गप्प झाले. नातवाने माझ्याकडे पाहिले. मी काहीतरी थातूरमातूर बोलून वेळ मारून नेली. त्याच्या प्रश्नाचे नीट उत्तर त्या रात्री माझ्यापाशी नव्हते. नंतर ते शोधता शोधता लक्षात आले, की हा प्रश्न एका पोराचा आणि एका विमानाचा नाही.

पाच मिलिवॅटची गोष्ट

नागपूरकरांना प्रकाशाचे शास्त्र परके नाही. चंद्रशेखर व्यंकट रामन सरकारी वित्त खात्यात असताना काही काळ नागपुरात नोकरीला होते. गांधीसागरासमोर १९९२ पासून उभे असलेले विज्ञान केंद्र त्यांच्याच नावाचे. १९२८ साली त्यांनी जो परिणाम शोधला, त्याच्या अभ्यासासाठी आज जगभरच्या प्रयोगशाळा लेझर वापरतात. लेझरमागचे तत्त्व आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये मांडले होते. प्रत्यक्ष किरण मात्र १६ मे १९६० रोजी अमेरिकेतल्या ह्यूजेस प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून काढला. त्यानंतर लेझरने काय केले नाही? पोलाद कापले, दूरध्वनीचे संभाषण काचेच्या तंतूतून नेले, दुकानातल्या पुड्यांवरच्या काळ्या पट्ट्या वाचल्या.

घरातला दिवा चारी दिशांना उजेड उधळतो. लेझर तो उधळत नाही, एकाच दिशेने, एका बारीक वाटेने पाठवतो. वॅटचा हजारावा भाग म्हणजे मिलिवॅट. नऊ वॅटच्या दिव्यापुढे पाच मिलिवॅट ऐकायला किरकोळ वाटतात. पण लहानपणी भिंगाने ऊन गोळा करून आपण कागद जाळला आहे ना? आपल्या डोळ्यातही तसेच भिंग आहे. समोरून आलेला लेझरचा किरण ते आतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, सुईच्या टोकाहून लहान ठिपक्यात गोळा करते. बुबुळावर पडलेला प्रकाश पडद्यावर पोचेपर्यंत सुमारे लाखपट तीव्र झालेला असतो. म्हणूनच पाच मिलिवॅटच्या लेझरचा ठिपका, सूर्याकडे थेट पाहिल्यावर पडद्यावर पडणाऱ्या सूर्यबिंबापेक्षाही कित्येक पट प्रखर ठरतो.

यासाठी जगात लेझरचे वर्ग पाडलेले आहेत. एक मिलिवॅटपर्यंतचा दिसणारा किरण डोळ्यात गेला, तर पाव सेकंदात पापणी मिटते आणि बहुधा निभावते. पाचपर्यंत सावधगिरी हवी. पाच ते पाचशे मिलिवॅट हा सरळ धोक्याचा वर्ग. पाचशेच्या पुढे तर भिंतीवरून परतलेला उजेडही डोळ्याला इजा करू शकतो, कातडी भाजू शकतो, कागद पेटवू शकतो. अमेरिकेत पॉइंटर म्हणून विकायच्या नळीला पाच मिलिवॅटची मर्यादा आहे.

माझ्या नातवाने ती नळी सीताबर्डीच्या गर्दीत एका फेरीवाल्याकडून घेतली होती. "दोन किलोमीटर जाते भाऊ!" ही त्याची जाहिरात. नळीवरच्या चिठ्ठीत पाच मिलिवॅटपेक्षा कमी, असे इंग्रजीत छापले होते. पण याच नळीने पोरांनी काळे फुगे फोडले होते आणि आगपेटीची काडी पेटवली होती. फुगा फोडणारी आणि काडी पेटवणारी नळी पाच मिलिवॅटची असूच शकत नाही. चिठ्ठी खोटी होती.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १२२ पॉइंटर तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष सांगितले. हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि तांबड्यांपैकी ४४ टक्के नियमात बसत नव्हते. स्वस्त हिरव्या नळीत तर आणखी एक चोर दडलेला असतो. तिच्यात आधी डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश तयार होतो आणि स्फटिकातून जाताना त्यातला काही भाग हिरवा होतो. उरलेला अडवायला गाळणी लागते. पैसे वाचवण्यासाठी ती वगळली, की हिरव्याबरोबर अदृश्य प्रकाशही बाहेर पडतो. जे दिसतच नाही, त्याला पापणी तरी कशी मिटणार?

दवाखान्यातला हिरवा ठिपका

तीन वर्षांपूर्वी मधुमेहाने माझ्या उजव्या डोळ्याच्या पडद्यावर नको त्या रक्तवाहिन्या वाढवल्या, तेव्हा मी स्वतः लेझरचे उपचार घेतले. त्या खोलीच्या दारावर सूचना लावलेली होती. डोळ्यात थेंब घातले, हनुवटी टेकवायला लावली, कपाळ पट्ट्याने बांधले, बुबुळावर भिंग बसवले. डॉक्टरांच्या डोळ्यांसाठी यंत्रातच गाळणी होती. मग हिरव्या प्रकाशाचे टिपके सुरू झाले, एकेक टिपका सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास. या उपचारात पडद्याच्या कडेचा भाग मुद्दाम जाळतात, म्हणजे मधला, वाचायचा आणि माणसे ओळखायचा भाग वाचतो. त्यासाठी लागणारी शक्ती साधारण शंभर-दोनशे मिलिवॅटच्या घरातली.

कोजागरीनंतर हा आकडा आठवला आणि माझ्या अंगावर काटा आला. जी शक्ती डॉक्टर इतक्या बंदोबस्तात मोजून वापरतात, जवळपास तेवढीच, कदाचित जास्तही, माझ्या नातवाच्या खिशात होती. आणि ती मोजलेली नव्हती.

इथेच या वस्तूचा खरा धोका आहे. पोरांना सारे काही सांगून कळत नाही, काही गोष्टी अनुभवानेच कळतात, असे आपण मोठी माणसे मानतो. विस्तवाजवळ गेलेले पोर एकदा पोळले की शहाणे होते. सुरीने बोट कापले की सुरी जपून धरते. लेझर असा धडा देत नाही. दृष्टिपटलाला वेदनेची जाणीव नाही. पडद्याच्या मध्यावर बसलेला चटका बहुधा दुखत नाही, आग होत नाही, वरून डोळा लालही दिसत नाही. क्षणभर दिपल्यासारखे होते, मग समोर एक काळा डाग तरंगतो. पोर समजते, जाईल थोड्या वेळाने. कधी जातो, कधी जात नाही. दुसरा डोळा चांगला असल्यामुळे कित्येक दिवस लक्षातही येत नाही. शिवाय इजा बहुतेक वेळा नळी धरणाऱ्याला होत नाही, समोरच्याला होते. ज्याच्या हातून चूक होते त्याला ती कधी कळतही नाही. मग अनुभवाने तो शहाणा कसा होणार?

"इतक्या दुरून काय होणार?"

आता नातवाच्या प्रश्नाकडे येतो. किरण बारीक राहतो हे खरे, पण अगदी बारीक राहत नाही. हातातल्या साध्या नळीचा किरण दर किलोमीटरला साधारण एक मीटर पसरतो. म्हणजे तीन किलोमीटरवरच्या विमानापाशी तो तीन मीटर रुंदीचा झोत झालेला असतो. नेम धरायचीही गरज उरत नाही. इतक्या अंतरावर वैमानिकाचा पडदा जळण्याची शक्यता कमी, पण वेगळेच संकट उभे राहते. रात्री उतरताना वैमानिकाचे डोळे अंधाराला सरावलेले असतात. पुढच्या काचेवरच्या बारीक ओरखड्यांवर आणि धुळीवर तो हिरवा प्रकाश फुटतो आणि अख्खी काच उजळून निघते. धावपट्टीचे दिवे दिसेनासे होतात. तेही अशा वेळी, की चूक झाली तर ती सुधारायला मोजकेच सेकंद हाताशी असतात.

अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाकडे एकट्या २०२३ मध्ये अशा १३,३०४ घटनांची नोंद झाली. तिथे २०१२ पासून विमानावर लेझर रोखणे हा पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा गुन्हा आहे. त्यातल्या कित्येकांच्या मनात घातपात नसणार. माझ्या नातवासारखेच "पोचते का पाहू" एवढेच असणार.

मिरवणुकीतले लेझर

हातातल्या नळीचा थोरला भाऊ आपण गेल्या काही वर्षांत मिरवणुकीच्या गाडीवर पाहतो. ढोल-ताशांच्या जागी ध्वनिवर्धकांची भिंत आली आणि तिच्या जोडीला लेझरचे फिरते झोत. धुरातून सरसरत जाणारे ते रंगीत पाते पाहून तरुण बेभान होतात, आणि त्यात नवल नाही. पण किरण गर्दीच्या डोक्यावरून न जाता चेहऱ्यांवरून फिरतात. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर पुणे आणि नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांकडे पडद्यावर रक्तस्राव झालेले तरुण आले. २०२४ मध्ये कोल्हापूरजवळच्या उचगावातून तशीच बातमी आली. नाचताना कुणाला काही दुखले नव्हते. दिसायला कमी झाले, तेव्हा ते डॉक्टरांकडे गेले.

या मिरवणुकांत आणखी एक गोष्ट घडते. चित्रण करता करता काहींच्या मोबाइलचा कॅमेरा निकामी होतो आणि पडद्यावर कायमच्या रेषा उमटतात. लोक त्याची हळहळ करतात, दुरुस्तीचा खर्च विचारतात. ज्या किरणाने यंत्राचा डोळा गेला, तोच किरण यंत्रामागे उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यावरूनही फिरून गेला असेल, हे मात्र कुणाच्या मनात येत नाही.

पोलीस काहीच करीत नाहीत असे नाही. २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी मिरवणुकांतल्या प्रखर लेझर दिव्यांवर बंदीचा आदेश काढला. पण असे आदेश ठरावीक मुदतीचे असतात. उत्सव संपला की आदेश संपतो, पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या नळ्यांना तो लागूच नसतो.

एक विसंगती मात्र विचार करायला लावणारी आहे. माणसाला कायमचे आंधळे करण्यासाठीच बनवलेली लेझर शस्त्रे युद्धातही वापरू नयेत, असा आंतरराष्ट्रीय करार १९९५ मध्ये व्हिएन्नात झाला. भारताने तो १९९९ मध्ये स्वीकारला. शत्रूच्या सैनिकाचे डोळे घालवणे अमानुष, यावर राष्ट्रांचे एकमत झाले. आपल्या मंडळातला कार्यकर्ता अर्थातच कुणाला आंधळे करायला निघालेला नसतो. पण हेतू निर्मळ असला म्हणून जळालेला पडदा भरून येत नाही.

घरातून सुरुवात

सगळ्यावर बंदी घाला, असे मी म्हणणार नाही. आकाशदर्शनात तारा दाखवायला हिरव्या किरणासारखे साधन नाही, आणि माझा डोळा लेझरनेच वाचवला आहे. प्रखर नळ्यांची आयात आणि विक्री उगमाशीच रोखणारा कायमचा नियम हवा, म्हणजे सणासुदीच्या आदेशांवर विसंबावे लागणार नाही. मंडळांनी सजावटवाल्याशी व्यवहार ठरवतानाच लेझर नको, हे लिहून घ्यावे.

आणि घरात? चिठ्ठीवर विसंबू नका. जी नळी फुगा फोडते, ती खेळणे नाही. कमी शक्तीचा किरणसुद्धा माणसाच्या किंवा जनावराच्या तोंडावर, वाहनावर, विमानावर, आरशावर वा स्टीलच्या भांड्यावर रोखू नये. कुणाच्या डोळ्यात किरण गेला, तर डोळा चोळू नका आणि उद्यावर ढकलू नका. एकेक डोळा झाकून समोरचे अक्षर नीट दिसते का पाहा आणि दृष्टिपटलाच्या डॉक्टरांना गाठा. दुखत नाही म्हणून काही झाले नाही, हा हिशेब इथे चुकतो.

नातवाला हे सारे मी चार दिवसांनी समजावले. वाद घालायचे त्याचे वय आहे, त्याने घातला. मग त्याने एकच विचारले, "आजोबा, तुम्ही पण टाळी वाजवली ना?" वाजवली होती. त्याला मी कबुली दिली आणि म्हणून इथेही देतो. नळीचे सेल काढून ती आता माझ्या कपाटात आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, आणि त्या-त्या वर्षी ज्या गोष्टींनी लोकांना छळले त्यांचे बडगे तयार होतात. यंदा लेझरचाही एक बडग्या निघावा, असे नातवाचे म्हणणे आहे. निघावा जरूर. फक्त त्याच्या मिरवणुकीपुढे लेझर नाचवू नयेत, म्हणजे झाले.