विद्येची प्रतबंदी

‘जगांतील पहिल्या दोन टक्के शास्त्रज्ञांत आमच्या प्राध्यापकांचा समावेश’ अशा मजकुराच्या बातम्या हल्लीं वर्तमानपत्रांत वारंवार येतात. ही टक्केवारी कशी काढतात व तिचा आम्हां शेतकऱ्यांशीं संबंध काय, याचा विचार करणें अवश्य आहे. प्रस्तुत लेखकाची हयात महसुली दप्तर लिहिण्यांत गेली. विद्वत्तेचा अधिकार त्याजकडे नाहीं. तथापि मोजणी व प्रतबंदी यांचें मर्म त्यानें जवळून पाहिलें आहे.

संशोधक आपला शोध शास्त्रीय नियतकालिकांत निबंधरूपानें छापतो. पुढें दुसऱ्यानें त्याचा आधार घेतला म्हणजे तो आपल्या निबंधांत तसा निर्देश करितो. या निर्देशांची नोंदवही ठेवण्याची कल्पना अमेरिकेंतील यूजीन गारफील्ड यांनीं सन १९५५ मध्यें मांडली, व सन १९६४ पासून तशी सूची निघूं लागली. सन २००५ मध्यें जॉर्ज हर्श या पदार्थविज्ञानवेत्त्यानें ‘एच्-निर्देशांक’ सुचविला. तो आमराईच्या दाखल्यानें समजतो. दहा झाडांना प्रत्येकीं निदान दहा पाट्या आंबे उतरले, परंतु अकरा झाडांना अकरा-अकरा उतरले नाहींत, तर त्या आमराईचा आंकडा दहा. झाडें म्हणजे निबंध आणि पाट्या म्हणजे निर्देश.

मोजणी सोपी खरी. पण सर्व जमीन एका प्रतीची नसते. गणित हें कोरडवाहू रान. तेथें निर्देश थोडे व सावकाश येतात. वैद्यक व जीवशास्त्र हें पाटाचें बागायत. जीवशास्त्रांतील आंकडे पदार्थविज्ञानापेक्षां मोठे असतात, हें खुद्द हर्श यांनींच मूळ निबंधांत नमूद केलें आहे. मुंबई इलाख्यांत सन १८४७ च्या संयुक्त अहवालानंतर रूढ झालेल्या पद्धतींत जमिनीचे नऊ वर्ग सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत पाडीत असत. मुरमाड माळावर काळ्या जमिनीचा आकार बसविणारा कारकून अन्यायी ठरे. स्टॅनफर्ड येथील आयोनिडिस व त्यांचे सहकारी यांनीं सन २०१९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या यादींत विद्येचीं २२ क्षेत्रें व १७६ उपक्षेत्रें वेगळीं धरलीं, आणि स्वतःच्याच निबंधांचे निर्देश वगळूनही हिशेब दिला, हें योग्यच झालें.

परंतु प्रतबंदी नीट झाली तरी निर्देश म्हणजे उपयोग नव्हे. मेंडेलचा वाटाण्यावरील निबंध सन १८६६ मध्यें छापला गेला. त्याचें मोल जगाला सन १९०० मध्यें कळलें. चौतीस वर्षें त्याची पाटी जवळजवळ रिकामीच होती. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यांतील नांदेड गांवचे दिवंगत दादाजी खोब्रागडे यांनीं थोडक्या जमिनींत निवड करून एच्.एम्.टी. धान तयार केलें. तें दूरवरच्या शेतकऱ्यांनीं लाविलें. निर्देशांच्या वहींत मात्र अशा कामाला रकानाच नाहीं.

येथेंच आपला संबंध येतो. राष्ट्रीय कृषि विज्ञान अकादमी नियतकालिकांना गुण देते, व शास्त्रज्ञांच्या नेमणुकीच्या वेळीं ते विचारांत घेतले जातात. भात किंवा गहूं यांवर लिहिणाऱ्यास जगभर वाचक आहेत. कोंकणच्या वरकस जमिनींतील वरईवर लिहिणाऱ्यास किती असणार? शेतकऱ्यांसाठीं लिहिलेली मराठी पुस्तिका तर त्या वहींत बहुधा चढतच नाहीं. मग होतकरू संशोधकानें पाटाखालचें रान धरून आपलें कोरडवाहू रान पडीत टाकलें, तर दोष त्याचा कीं मोजणाऱ्याचा?

मोजणीच नको, असें आमचें म्हणणें नाहीं. मोजमाप नसेल तेथें वशिला शिरतो. पण सन २०१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या लायडेन जाहीरनाम्याच्या दहा तत्त्वांतही स्थानिक उपयोगाच्या संशोधनाला संरक्षण द्यावें असें एक तत्त्व आहे. राहुरी, अकोला, दापोली व परभणी येथील आपल्या चारही कृषि विद्यापीठांनीं बढतीच्या वेळीं निर्देशांबरोबर आणखी एक रकाना ठेवावा: या संशोधकाचें वाण किंवा पद्धत किती शेतांत टिकली? आणि तो रकाना भरण्यापूर्वीं शेतकऱ्यांस विचारावें. कचेरींत बसून भरलेला पीकपाहणीचा तक्ता व बांधावर उभें राहून भरलेला तक्ता यांत किती अंतर असतें, हें आम्हां जुन्या कारकुनांना पक्कें ठाऊक आहे.