जाड गळ म्हणजे योग्य गळ नव्हे



खाडीतल्या जिताड्यासाठी पॉपर या तरंगत्या ल्यूरला (कृत्रिम आमिषाला) ‘मिळेल तेवढा जाड गळ लावावा’ हा सल्ला गेल्या अंकातील पत्रात वाचला. जिताड्याच्या जबड्यात बारीक तारेचा गळ सरळ होतो, हे पत्रलेखकाचे म्हणणे बरोबर आहे. पण पाण्यावर तरंगणारे ल्यूर तोलावर चालते. मागचा गळ जड झाला की शेपूट बुडते. पॉपरला ते एक वेळ चालते, नागमोडी चालणारे स्टिकबेट मात्र मंदावते. शिवाय जाड तार रुतवायला दांडीही ताठ लागते. म्हणून मूळ गळाच्या वजनाचाच मजबूत गळ निवडावा आणि आधी बादलीत ल्यूर तरंगवून पाहावे. पुढचा-मागचा गळ एकमेकांत अडकता कामा नये.

माझा आग्रह तीन काट्यांच्या गळाऐवजी एकेरी, उलटा दात दाबून टाकलेल्या गळाचा आहे. जिताडा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. म्हणजे सर्वांत मोठे मासे बहुधा माद्याच. अशा गळामुळे त्यांना फारशी इजा न करता सोडता आले, तरच खाडीत जिताडा टिकेल. एकेरी गळ तेवढ्याच वजनात अधिक जाड तारेचा मिळतो, त्यामुळे पत्रलेखकाची चिंताही मिटते.

– एक वाचक, देवगड