अब्रूदारांचे पोटदुखणे

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले की आमच्या वहिनी ते हळूच बाजूला सारतात आणि घरात हशा पिकतो. "वहिनींचे पोट नव्हे, डोके नाजूक!" त्या हसण्यात मीही सामील होत असे. आज त्याची लाज वाटते.

बारा वर्षे वहिनींच्या पोटात कळा येतात; कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. सगळ्या तपासण्या झाल्या, दोष सापडला नाही. डॉक्टरांनी इरिटेबल बॉवेल सिंड्रोम असे निदान केले आणि औषधांनी भागेना तेव्हा मानसोपचार सुचवला. झाले! "आमच्या घरात कोणी वेडे नाही," असे दादांनी बजावले. चिठ्ठी कपाटात गेली.

या अब्रूदारांना मी विचारतो, परीक्षेच्या दिवशी पोरांच्या पोटात गोळा येतो, तो खोटा असतो काय? भीती मनातली, पण शौचाला धावावे लागते शरीरालाच! आतड्यांना मज्जातंतूंचे स्वतःचे जाळे आहे आणि मेंदूशी त्याची देवघेव अखंड चालते. या विकारात आतडे दिसायला निरोगी असते, पण पुष्कळदा फाजील हळवे झालेले असते. धास्तीने कळ वाढते, कळेने धास्ती. हे रहाटगाडगे थांबवण्यासाठी मानसोपचार. त्यात दुखणे खोटे ठरत नाही.

हा कोणा बुवाचा अंगारा नव्हे. मँचेस्टरच्या डॉ. पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ साली 'लॅन्सेट'मध्ये ३० जुनाट रुग्णांवरील संमोहनोपचाराचा प्रयोग प्रसिद्ध केला. गुण ठळक होता. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, ५५८ रुग्णांच्या इंग्लंडमधील चाचणीत फोनवरून किंवा संगणकावरून विचार आणि वर्तन बदलण्याचे धडे घेतलेल्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक आराम पडला.

शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल, तर आधी तपासणीच हवी. शिवाय मानसोपचाराने सर्वांनाच गुण येतो असे नाही. पण गोळ्यांनी तरी सर्वांना कुठे येतो? त्या घेताना मात्र कुणाची अब्रू जात नाही!

यंदा ती चिठ्ठी मी कपाटातून काढली आहे. पाडवा झाला की वहिनींबरोबर मी जाणार. दादा रागावले आहेत. हे लिहू का, असे वहिनींना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "खुशाल लिहा, भावोजी. बारा वर्षे मी पोटातच ठेवले."