दुसऱ्या डिस्कवरची ठेव

जुन्या वस्तु जपून ठेवण्याची हौस आपल्या घरांत पूर्वापार आहे. कुलवृत्तांताचे खंड, आजोबांचीं पत्रें, मोडी कागद, मुंजीचीं छायाचित्रें हीं पूर्वीं पेटींत किंवा फडताळांत बांधून ठेवीत. आतां यांतील बरीच ठेव संगणकांत गेली आहे, आणि संगणकांतहि ती बहुधा दुसऱ्या हार्ड डिस्कवर असते. कारण साधें आहे. पुष्कळ संगणकांत पहिली डिस्क जलद पण लहान असते व तिच्यावर यंत्राचा सारा कारभार चालतो. छायाचित्रें व ध्वनिमुद्रणें यांना जागा फार लागते, म्हणून त्यांची रवानगी दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर होते. अशा रीतीनें घरांतील मोलाचा ऐवज माजघरांतून परसांतल्या कोठींत जातो, आणि पहारा मात्र माजघरावरच राहतो.

कुटुंबाकुटुंबांतून एकच तक्रार आमच्या कानांवर येते. बॅकअप दर आठवड्याला होत होता, ‘काम पूर्ण झालें’ असा संदेशहि दिसत होता. परंतु डिस्क बिघडल्यावर प्रत उघडून पाहतात, तों आजीच्या ओव्यांचें ध्वनिमुद्रण तींत नाहींच! येथें यंत्र खोटें बोललें असें बहुधा नसतें. जेवढें त्याच्या यादींत होतें, तेवढें काम त्यानें पुरें केलें. दुसरी डिस्क त्या यादींत नव्हती, एवढेंच.

म्हणून पहिली तपासणी यादीची. विंडोज प्रणालींतील ‘फाइल हिस्टरी’ ही सोय २०१२ सालीं विंडोज ८ बरोबर आली. ती आपण होऊन डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठराविक ठिकाणांचीच प्रत घेते. ‘डी’ या डिस्कवर आपण स्वतः केलेलें फोल्डर तिच्या दृष्टीस पडत नाहीं. तें ‘लायब्ररी’मध्यें समाविष्ट करावें, म्हणजे त्याचीहि प्रत होऊं लागते. मॅक संगणकावरील ‘टाइम मशीन’ बाहेरून जोडलेली डिस्क आपण होऊन वगळलेल्यांच्या यादींत घालतें. तेथून तिचें नांव काढावें लागतें.

दुसरी तपासणी अशी, कीं दुसरी डिस्क खरोखरच दुसरी आहे काय? ‘सी’ आणि ‘डी’ हीं दोन अक्षरें दिसलीं म्हणजे डिस्का दोन असें नव्हे. एकाच डिस्कचे दोन भाग करून त्यांनाहि हीं नांवें देतात. विंडोजमधील ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून पाहावें. तेथें ‘डिस्क ०’ आणि ‘डिस्क १’ अशा स्वतंत्र ओळी असतात. ‘सी’ व ‘डी’ एकाच ओळींत आढळल्यास एकाची प्रत दुसऱ्यावर ठेवणें म्हणजे एकाच पेटीच्या दोन कप्प्यांत दागिने वाटून ठेवण्यासारखें आहे. पेटी गेली कीं दोन्ही कप्पे गेले.

यादी बरोबर असून प्रत होत नसेल, तर कारणें बहुधा क्षुल्लक असतात. बाहेरून जोडलेल्या डिस्कचें अक्षर बदलतें. काल ‘ई’ होती ती आज ‘एफ’ होते, आणि कांहीं बॅकअप-प्रणालींना तिचा ठाव लागत नाहीं. तिला कायमचें एक अक्षर नेमून द्यावें. कधीं डिस्क भरलेली असते. कधीं लहान फाइली जातात आणि लग्नाचें लांबलचक चलच्चित्र तेवढें अडतें. त्या वेळीं डिस्कची आंतील मांडणी ‘फॅट ३२’ आहे काय तें पाहावें. त्या मांडणींत ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकसंध फाइल मावत नाहीं. ‘एक्सफॅट’ किंवा ‘एनटीएफएस’ मांडणींत ही अडचण नाहीं. मात्र मांडणी बदलतांना डिस्क पुसली जाते, म्हणून तिच्यावरील सर्व फाइली आधीं अन्यत्र हलवाव्या.

डिस्कमधून टकटक असा आवाज येऊं लागला, किंवा एकेक फोल्डर उघडण्यास मिनिटें लागूं लागलीं, तर प्रकरण गंभीर समजावें. १९५६ सालीं आय.बी.एम. कंपनीनें पहिली हार्ड डिस्क आणली, तींत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. आजची हार्ड डिस्क तळहातावर मावते, तरी फिरती तबकडी आणि तिच्यावर फिरणारें वाचनाग्र हें तत्त्व तेंच आहे. आणि फिरणारी वस्तु झिजणारच. अशा वेळीं दुरुस्तीची प्रणाली चालवीत बसूं नये. तिच्या घासाघाशीनें उरलेला जीवहि जातो. आधीं जें पुन्हां मिळणार नाहीं तें दुसरीकडे उतरवून घ्यावें. तेंहि न साधल्यास यंत्र बंद करून जाणकाराकडे न्यावें.

एवढें करूनहि मुख्य काम उरतेंच. वेदपाठशाळेंत संहिता म्हणतां आली एवढ्यावर शिष्याची सुटका होत नाहीं. पद, क्रम, जटा, घन अशा रीतींनीं तेच शब्द त्याच्याकडून फिरवून फिरवून म्हणवून घेतात, म्हणजे एक अक्षर ढळलें तरी तें उघडकीस येतें. प्रतीचीहि अशीच परीक्षा हवी. मूळ फोल्डर व त्याची प्रत यांतील फाइलींची संख्या ताडून पाहावी. मग एक जुनी व एक नवी फाइल प्रतींतून वेगळ्या जागीं परत आणावी, आणि उघडून डोळ्यांनीं पाहावी, कानांनीं ऐकावी.

ही परीक्षा न झाल्यास मोठ्यांचीहि त्रेधा उडते. १९९८ सालीं ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचें काम चालू असतां पिक्सार संस्थेंत एका चुकीच्या आज्ञेमुळें त्याच्या फाइली भराभर पुसल्या गेल्या. बॅकअपकडे धांव घेतली, तों तोहि सदोष निघाला. गॅलिन सुसमन या बाई लहान मुलामुळें घरूनहि काम करीत. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून मोटारींतून आणला, आणि चित्रपट बचावला. जाणकार तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, व त्यांपैकीं एक घराबाहेर असा नियम सांगतात, त्याचें मर्म हेंच. घराबाहेरची ती प्रत बहिणीच्या किंवा काकांच्या घरीं ठेवावी. जवळची डिस्कहि काम होतांच सोडवून ठेवावी. सदैव जोडलेली राहिल्यास वीज कडाडली किंवा खंडणीखोर विषाणु शिरला, तर मूळ व प्रत दोन्ही एकदमच जातात.

शेवटीं एक गोष्ट आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची आहे. पुष्कळ घरांत हा कारभार एकट्या मुलाच्या किंवा सुनेच्या डोक्यांत असतो. ती व्यक्ति नोकरीनिमित्त परगांवीं गेली, कीं मागें राहिलेल्यांना डिस्क दिसते पण उघडतां येत नाहीं. कित्येक नव्या संगणकांतील डिस्क कुलूपबंद असते, आणि अडल्या वेळीं लागणारी बिटलॉकरची किल्ली ४८ अंकांची असते. ती कोणाच्या स्मरणांत राहणार? ती कागदावर लिहून दागिन्यांच्या किल्ल्यांबरोबर ठेवावी, आणि घरांतील निदान दोघांना तिचा ठावठिकाणा ठाऊक असावा.

खंडेनवमीला आपण आतां संगणकालाहि फूल वाहतों. त्याच दिवशीं घरांतील वडील मंडळींस जवळ बसवून प्रतींतील एखादें ध्वनिमुद्रण लावावें. आजीचा आवाज स्वच्छ ऐकूं आला, म्हणजे ठेव सुरक्षित आहे असें खुशाल समजावें.