आधी वळिवडे आठवा

गाझातील भुकेल्यांसाठी कोणी सभा घेतली, वर्गणी मागितली, की प्रश्न येतो : 'आपला काय संबंध?' जुलै २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही निषेधसभेची परवानगी मागणाऱ्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाला आधी आपल्या देशाकडे पाहण्याचा उपदेश केला.

आमचे उत्तर कोल्हापूरच्या वेशीवरच आहे. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले. खर्च मुख्यत्वे त्यांच्या लंडनस्थित सरकारचा, हे मान्य. पण भूमी आणि शेजार कोल्हापूरचा होता. १९४३ हे बंगालच्या दुष्काळाचेही साल. तरी 'आधी आपले' म्हणून दार लागले नाही. पुढे तिथेच सिंधी निर्वासित वसले; तेच आजचे गांधीनगर. आणि पोलिश कुटुंबे निघून गेली त्याच १९४८च्या युद्धात सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी बेघर झाले.

वर्गात परदुःखाशी तादात्म्य शिकवायचे आणि रस्त्यावर वर्गणीची पेटी धरणाऱ्याकडे देशप्रेमाचा दाखला मागायचा, ही विसंगती आम्हांस मान्य नाही. करुणेला सरहद्द असेल, तर महावीर उद्यानातील पोलिश स्मृतिस्तंभ कोणत्या तोंडाने मिरवायचा?